ब्याण्णव मेगाज्यूल

शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला कुंपणापलीकडून कांदा परतल्याचा वास आला आणि मेबल ताटातला मासा, बटाटा आणि तीन मटारदाणे तसेच टाकून खुर्चीवरून खाली उतरली.

"कुठे?" डेमियनने विचारलं.

"नेव्हकडे."

"आधी हे संपव."

"मला हे नकोच मुळी. मला नेव्हचं सॉसेज हवंय," असं म्हणून तिने गमबूट घातले, डावा उजव्या पायात आणि उजवा डाव्या, आणि मागच्या दाराने ती निघूनही गेली. कुंपणाची एक फळी खालून सुटलेली होती. ती सरकवली की पावणेचार वर्षांची मुलगी किंवा मध्यम आकाराचा कुत्रा आरामात पलीकडे जाऊ शकत असे. ती फळी ठोकून टाकायला डेमियन आजवर दोनदा हातोडी घेऊन बाहेर पडला होता. दोन्ही वेळा ब्रॉन्विनने त्याला अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं होतं.

"खातेय ना कुठेतरी!" ब्रॉन्विन म्हणाली. "खाऊ दे."

तिचंही खरं होतं. मेबल हे एक अवघड मूल होतं. भाज्यांचे रंग तिला पटत नसत, भाताचे दाणे एकमेकांना चिकटलेले चालत नसत, आणि केळ्याला एक जरी काळा ठिपका दिसला तरी तिच्या लेखी ते मेलेलं असे. मार्चमध्ये बालआरोग्य केंद्रातल्या नर्सने वजनाच्या तक्त्यावरच्या सगळ्यात खालच्या रेघेवर पेन्सिल टेकवून "हंऽ" असं म्हटलं होतं. त्या एका "हं"मुळे ब्रॉन्विनची झोप उडाली. दुसऱ्या दिवसापासून फ्रिजवर एक कागद लागला. मेबलच्या ताटातून जे काही पोटात जाईल त्याचे उष्मांक, म्हणजे किलोज्यूल, ब्रॉन्विन पाकिटावर बघून त्या कागदावर लिहू लागली. दही, तीनशे दहा. अर्धं सफरचंद, एकशे वीस. मटार, तीन दाणे, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह.

कागदावरचे ठळक आकडे मात्र एकाच माणसाच्या नावावर होते. एक सॉसेज म्हणजे नऊशे वीस किलोज्यूल. मेबल नेव्हकडे एका वेळी दोन खायची, आणि नेव्ह आठवड्यातून चार संध्याकाळी बार्बेक्यू पेटवायचा. चारही दिवशी ब्रॉन्विन समाधानाने लिहायची, "नेव्ह – १८४०". ते 'नेव्ह' फ्रिज उघडताना, बंद करताना, दूध काढताना, दूध ठेवताना डेमियनला वाचावं लागे.

आणि नेव्ह तरी कसा, तर फुशारकी मारणारा असता तर डेमियनला त्याचा मनसोक्त राग करता आला असता. पण हा माणूस पडला नम्र. रेल्वेतून निवृत्त झालेला, एकटा, सोबतीला डफी नावाचा एक तपकिरी कुत्रा. संध्याकाळी कुंपणावरून टोपीसकट डोकं काढायचा आणि म्हणायचा, "काय दोस्ता, आज दोन खाल्ली हं तुझ्या लेकीने! चाटूनपुसून! मी पाव आणायला आत गेलो नि येऊन बघतो तर ताटली साफ."

"छान," डेमियन म्हणायचा.

"काय माहीत तिला माझ्या हातचं काय आवडतं! बार्बेक्यू तर बघतोयस तू. साधाच आहे रे. जुना आहे. दोनच बर्नरचा."

ते "साधाच आहे रे" डेमियनच्या पोटात आगकाडीसारखं पेटायचं.

तो स्वतः शाळेत भूगोल शिकवत असे. वर्गात त्याला ज्वालामुखींविषयी भरभरून बोलता येई, पण घरी सॉसेज करायला घेतलं की ते बाहेरून कोळसा आणि आतून गुलाबी राही. मेबल ताटलीकडे बघायची, मग बापाकडे बघायची, आणि अगदी हळुवारपणे, त्याला वाईट वाटू नये अशा बेताने, ताटली दोन बोटांनी पुढे सरकवायची. त्या हळुवारपणाचंच त्याला जास्त लागायचं. सकाळी हीच मुलगी त्याच्या मांडीवर येऊन बसायची, "एकच घास" म्हणत त्याच्या टोस्टचा कोपरा तोडायची, तो बुटाची नाडी बांधत असताना त्याच्या डब्यात हात घालायची. चार टोस्ट भाजले तर त्याच्या वाट्याला दीड यायचा आणि मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत त्याला चक्कर यायची. एवढं सगळं करून संध्याकाळी मात्र नेव्ह!

जुलैत तिचा चौथा वाढदिवस होता. "तुला काय हवं?" असं ब्रॉन्विनने विचारलं, तेव्हा मेबलने बोटांवर मोजत सांगितलं, "एकिडनाचा केक, काटेवाला. स्टिकर. खूप स्टिकर. आणि नेव्हचं सॉसेज."

"नेव्हला सांगू या ना मग," ब्रॉन्विन म्हणाली. "आनंदाने करेल तो."

डेमियनने हातातला कप खाली ठेवला. "माझ्या मुलीच्या वाढदिवसाला, माझ्या अंगणात, चिमटा दुसऱ्याच्या हातात?"

"अरे, सॉसेजच तर आहे!"

"सॉसेजचा प्रश्न नाहीये, ब्रॉन."

"मग कशाचा आहे?"

डेमियन गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडला.

हार्डवेअरच्या दुकानात बार्बेक्यूंची एक अख्खी रांग झाकणं वर करून उभी होती. विक्रेत्याने डेमियनला नीट न्याहाळलं आणि तो एकही शब्द बोलायच्या आत विचारलं, "शेजाऱ्याकडे किती मेगाज्यूलचा आहे?"

डेमियन दचकला. "म्हणजे?"

"ताकद हो. मेगाज्यूल. फ्रिजवर बायका किलोज्यूल लिहितात ना, त्याच्या हजारपट. हा अट्ठेचाळीसचा. तो पलीकडचा सत्तरचा."

"त्याचा दोन बर्नरचा आहे. असेल वीस-चोवीसचा."

"मग तुम्हाला हा बघायलाच हवा," असं म्हणत विक्रेत्याने शेवटच्या बार्बेक्यूवर हात ठेवला. सहा बर्नर आणि बाजूला कांदा परतायला सातवा. झाकणाला आरशासारखी चकाकी, आणि त्यावर बशीएवढा पिवळाधमक गोल स्टिकर. ब्याण्णव मेगाज्यूल.

डेमियनने मनात भागाकार केला. जवळजवळ चौपट! ज्या मुलीने चोवीस मेगाज्यूलची दोन सॉसेजं खाल्ली, ती ब्याण्णवची किती खाईल? भूगोलाचा माणूस असल्याने हे गणित त्याला बिनचूक वाटलं.

बार्बेक्यू घरी आला तो झाकणात आकाश घेऊन. मेबलने त्यात स्वतःचा चेहरा बघितला, मग तिची नजर स्टिकरवर गेली आणि तिथेच खिळली.

"बाबा, हा मला दे."

"नाही राणी, तो तिथेच राहणार."

"पण तो स्टिकर आहे!"

"हो, पण तो बाबाचा आहे."

एवढा मोठा माणूस स्टिकर स्वतःकडे का ठेवतो, हे मेबलला काही केल्या कळेना. ब्रॉन्विनलाही कळलं नाही. तिने फक्त एवढंच बघितलं, की नवऱ्याने बार्बेक्यू फिरवून फिरवून असा लावला की स्टिकर बरोबर कुंपणाकडे तोंड करून राहील.

संध्याकाळी कुंपणावर टोपी आली. टोपीखालचे डोळे स्टिकरवर बराच वेळ थांबले. "ब्याण्णव," नेव्ह म्हणाला. "अरे वा! एवढ्यात आमचं इंजिन चढ चढायचं."

"साधाच आहे रे," डेमियन म्हणाला. हे वाक्य तोंडात किती गोड लागतं हे त्याला तेव्हा कळलं.

"डफीला मात्र नवी जागा मिळाली," नेव्ह म्हणाला. डफी फळीखालून येऊन बार्बेक्यूच्या गाड्याखाली, सिलिंडरला टेकून बसला होता. त्याचं पोट दोन्ही बाजूंनी बाहेर आलं होतं. "जनावरांचा डॉक्टर म्हणतो, वजन कमी करा. मार्चपासून मोजून कोरडं खाणं देतोय याला. तरी फुगतोय बिचारा. थायरॉइड असणार."

वाढदिवस उजाडला तोच गारठ्यात. ऑस्ट्रेलियातल्या बॅलारॅटमध्ये जुलैत, म्हणजे ऐन हिवाळ्यात, वाढदिवस येणं हा कुणाचा दोष नसतो, पण त्या दिवशी पारा दुपारी बारालाही पाचच्या वर यायला तयार नव्हता. बालवाडीतली अकरा मुलं फुगीर जाकिटं घालून अंगणात गोल गोल धावत होती. त्यांचे आईबाप कॉफीचे कप दोन्ही हातांत धरून, ऊब मिळेल तेवढी घेत उभे होते. टेबलावर एकिडनाचा, म्हणजे साळिंदरासारख्या काटेरी प्राण्याचा, केक होता, पाठीवर चॉकलेटच्या काड्यांचे काटे रोवलेला, आणि लोण्यावर रंगीत साखरदाणे पेरलेल्या पावाच्या तिकोनी फोडी. आणि सगळ्यांच्या मधे एप्रन बांधून, नवा कोरा चिमटा हातात घेऊन डेमियन उभा होता.

त्याने आधी सहाही बर्नर पूर्ण सोडले. मग सातवाही सोडला. भप्प करून ज्वाळा उठल्या आणि मुलांनी "ओऽऽ" केलं. नेव्हला आमंत्रण होतंच, पण तो अजून आलेला नव्हता. ते डेमियनला जरा खटकलं. ही भप्प त्याने बघायला हवी होती.

चाळीस सॉसेजं ओळीने लागली. दहा मिनिटं ती छान चुरचुरली. मग चुरचुर मंदावली. मग थांबली. डेमियन वाकून बघतो तर ज्वाळा निळ्या, बुटक्या, बोटाच्या पेराएवढ्या झालेल्या. त्याने सातही बटणं फिरवून पाहिली. सगळी आधीच शेवटपर्यंत फिरवलेली होती.

"बाबा!" गाड्यापाशी उकिडवी बसलेली मेबल ओरडली. "तुझ्या डब्यावर बर्फ आलाय!"

खरोखरच सिलिंडरच्या खालच्या अर्ध्या भागावर पांढराशुभ्र दहिवराचा थर चढला होता. आग लावायच्या यंत्राच्या पोटात बर्फ! अकराच्या अकरा मुलं केक सोडून तिथे जमली. कुणी नखाने त्यावर मासा काढला, कुणी नाव. एका मुलाने जीभ लावून बघायचा विचार बोलून दाखवला आणि त्याच्या आईने धावत येऊन त्याला उचललं. डफी तेवढा नाराज होऊन चार बोटं बाजूला सरकला.

"गॅस संपला का रे?" ब्रॉन्विनने विचारलं.

"अर्धा आहे. हलवून बघितलाय मी."

"मग?"

"मग काही नाही. होईल गरम. नवीन आहे ना, दमतोय थोडा."

तेवढ्यात ब्रॉन्विनची आई, डॉट, खुर्चीतून उठली. डॉटने बावीस वर्षं गॅसचे सिलिंडर भरायच्या कामावर काढली होती आणि जावयाच्या नव्या खरेदीबद्दल तिला आजपर्यंत कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. आता ती सावकाश आली, चष्मा नाकावर खाली घेऊन तिने आधी सिलिंडर बघितला, मग स्टिकर असायचा तिथे झाकणावरची चिकट गोल खूण बघितली.

"किती मेगाज्यूलचा म्हणालास?"

"ब्याण्णव," डेमियन म्हणाला, आणि स्टिकर जागेवर नाही हे त्याला तेव्हा कुठे दिसलं. पण चाळीस कच्ची सॉसेजं समोर असताना स्टिकर शोधायला वेळ नव्हता.

"आणि त्याला हा कॅम्पिंगचा नऊ किलोचा सिलिंडर लावलायस. तोही अर्धा. तोही या थंडीत."

"ब्याण्णव मेगाज्यूल देतो तो, डॉट!"

"देत नाही रे बाळा, खातो!" डॉट म्हणाली. "तासाला ब्याण्णव खातो, असं लिहिलेलं असतं ते. त्याची भूक आहे ती. आत गॅस पाण्यासारखा असतो. त्याची वाफ व्हायला ऊब लागते. तू सात तोंडांनी ओढतोयस आणि बाहेर ऊब कुठे आहे? बिचारा स्वतःच्याच पोटातली ऊब देऊन बसला आणि गोठला."

कॉफीचे कप हातात धरलेले बाप एकमेकांकडे बघून गंभीरपणे माना हलवू लागले, जणू त्यांना हे आधीपासूनच माहीत होतं.

"मग आता करू काय?"

"पाच बर्नर बंद कर. दोनावर चालव. होईल हळूहळू."

"दोनावर?" डेमियनचा आवाज चिरकला. "म्हणजे नेव्हसारखं?"

"म्हणजे पोरांना आज जेवायला मिळेल असं."

पण ते दोन बर्नर त्याच्या हातून होईनात. त्याने आतून टॉवेल आणून सिलिंडरला गुंडाळला. मग स्वतःचा स्वेटर काढून त्यावर बांधला. मग त्या थंडीत एप्रन आणि शर्टावर, गुडघे टेकून, त्याने सिलिंडरला दोन्ही हातांनी कवटाळलं. मेबल जन्मली तेव्हा नर्सने तिला त्याच्या छातीशी अशीच दिली होती, पण ती गरम होती.

"पप्पी पण दे त्याला," डॉट म्हणाली.

अकरा मुलांपैकी पहिलं मूल रडायला लागलं तेव्हा कुंपणापलीकडून कांद्याचा वास आला.

सगळ्यांच्या माना एकदम तिकडे वळल्या. कुंपणावर आधी टोपी आली, मग चांदीच्या कागदाने झाकलेला एक भला मोठा ट्रे. "तुमच्याकडे धूर दिसेना," नेव्ह जरासा ओशाळून म्हणाला. "म्हटलं, असू द्यावीत थोडी जास्तीची. काही विशेष नाही. साधीच आहेत."

कुणी टाळ्या वाजवल्या. डेमियनच्या मते त्या डॉटने वाजवल्या. दोन मिनिटांत सगळ्या मुलांच्या हातात पावाची एकेक तिरकी स्लाइस, त्यात सॉसेज, कांदा आणि टोमॅटोचा सॉस. नेव्ह फळीवरून वाकून मेबलला म्हणाला, "हे घे राणी, तुझी दोन, नेहमीसारखी." मेबलने दोन्ही हात पुढे केले. डेमियनला ते बघवेना. तो सिलिंडरचा टॉवेल नीट करायच्या निमित्ताने बार्बेक्यूच्या मागे जाऊन बसला. तिथल्या अरुंद जागेत त्याला आता फक्त आपले गुडघे दिसत होते.

आणि मग गमबूट दिसले. डावा उजव्या पायात, उजवा डाव्या.

मेबल इकडेतिकडे बघत बार्बेक्यूच्या मागे आली. बाप तिथे आहे याचं तिला काही वाटलं नाही. ती खाली बसली, पावातून सॉसेज अलगद काढलं, आणि गाड्याखाली धरलं. गाड्याखालून एक तपकिरी तोंड बाहेर आलं. सॉसेज गेलं. दुसरंही गेलं. मेबलने सॉस लागलेली बोटं डफीला चाटायला दिली आणि पुढे पॅन्टला पुसली.

"मेबल," डेमियन कुजबुजला. "तू नाही खाल्लंस?"

"नाही. ते धुराचं लागतं."

"मग नेव्हकडे? रोज?"

"ते पण डफीचं," मेबल समजावणीच्या सुरात म्हणाली. "नेव्ह त्याला नुसत्या कोरड्या गोळ्या देतो, बाबा. दगडासारख्या. तो मला सांगतो ना, दे म्हणून. असं बघून." आणि तिने डोळे मोठे करून, मान तिरकी करून, डफी कसा बघतो ते करून दाखवलं.

डेमियनच्या छातीत एक अख्खी मिरवणूक निघाली. मार्चपासून! मार्चपासून तो एका कुत्र्याच्या भुकेवर जळत होता! नेव्हच्या हातचं त्याच्या लेकीने एक सॉसेजही खाल्लं नव्हतं. अर्धंसुद्धा नाही! तो ताडकन उठला. हे आता, या क्षणी, सगळ्या अंगणासमोर, कुंपणावरच्या त्या टोपीसमोर मोठ्याने सांगायचं होतं. त्याने तोंडही उघडलं.

समोर स्वयंपाकघराच्या खिडकीत ब्रॉन्विन दिसली. ती फ्रिजपाशी उभी होती, हातात पेन्सिल. ती हसत काहीतरी लिहीत होती. काय लिहीत होती ते त्याला न बघता माहीत होतं.

त्याने तोंड मिटलं. मग तो आत गेला.

"ब्रॉन," तो म्हणाला, "ते अठराशे चाळीस..."

"हो, लिहिले. आज वाढदिवसालासुद्धा दोन खाल्ली हं! मला तर बाई इतकं..."

"ते डफीचे आहेत."

सगळं ऐकून होईपर्यंत ब्रॉन्विन खुर्चीवर बसली होती. तिने फ्रिजवरचे चार महिन्यांचे कागद काढले आणि मांडीवर घेऊन नेव्हचे आकडे एकेक करून खोडायला लागली. खोडून झाल्यावर जे उरलं त्यावर चिमणीसुद्धा जगली नसती. दही. अर्धं सफरचंद. मटार, प्रश्नचिन्ह.

"डेमियन, मग ही जगली कशावर?" तिचे डोळे भरून आले. "गेल्या आठवड्यात नर्स म्हणाली की वजन छान वाढलंय, रेघेच्या वर गेलंय. मी नेव्हला केक पाठवला रे त्याबद्दल! मग वाढलं ते कशाने?"

मघाच्या मिरवणुकीतला बँड केव्हाच थांबला होता. डेमियन तिच्या शेजारी बसला, आणि सकाळपासून पोटात काही नसल्याने त्याने समोरच्या ताटलीतून रंगीत साखरदाण्यांच्या पावाची एक फोड घेतली. ती तोंडाशी नेली तोच गमबूट वाजत आले, मेबल त्याच्या मांडीवर चढली, "एकच घास" म्हणाली आणि तिने अर्धी फोड तोडून घेतली. मग उरलेली अर्धीही तिने घेतली. त्याने यांत्रिकपणे दुसरी फोड उचलली. तिचंही तेच झालं. तिसरीबरोबर त्याने चीजचा तुकडा घेतला होता, तोही गेला.

डॉट दारात हाताची घडी घालून उभी होती.

"ब्रॉन्विन," ती म्हणाली, "त्या तुझ्या कागदावर मेबलच्या ताटातलं लिहितेस ना सगळं?"

"हो. कण न् कण."

"आणि याच्या ताटातलं?"

ब्रॉन्विनने नवऱ्याकडे बघितलं. त्याचे गाल बसले होते, पट्ट्याला एक नवीन भोक पाडलेलं होतं. तिने त्याच्या मांडीवरच्या मुलीकडे बघितलं. ती बोटाने ताटलीतले साखरदाणे टिपत होती.

"सकाळचे टोस्ट?" तिने हळूच विचारलं.

"चारातले अडीच," डेमियन म्हणाला.

"डबा?"

"चीज रोज जातं. अंडं बहुतेक वेळा. मला वाटायचं, ती खेळतेय."

ब्रॉन्विनने पेन्सिल उचलली, कोऱ्या कागदावर बराच वेळ बेरीज केली आणि शेवटी आकड्याखाली दोन रेघा मारल्या. मग तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. कागदावर वरती तिने लिहिलं होतं, "बाबा".

डेमियनने ते पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा.

अंगणात एव्हाना गोंधळ उठला होता, म्हणून सगळे बाहेर आले. "डफीवर नंबर आहे! डफीवर नंबर आहे!" असं मुलं ओरडत होती. डफी गाड्याखालून जडपणे बाहेर आला होता आणि त्याच्या ताणलेल्या पोटावर, बरोबर मधोमध, बशीएवढा पिवळाधमक गोल स्टिकर बसला होता. ब्याण्णव मेगाज्यूल.

"तिथे छान दिसतो," मेबल म्हणाली.

"आणि खराही आहे," डॉट म्हणाली. "तासाला एवढंच खात असेल."

नेव्ह फळी सरकवून आत आला होता. तो हसत वाकला, कुत्र्याच्या पोटावरचा आकडा त्याने वाचला, आणि मेबल आनंदाने म्हणाली, "नेव्ह, आज पण डफीने दोन्ही खाल्ली! चाटूनपुसून!"

नेव्हचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस निघून गेला. त्याने डफीचं पोट बघितलं, मेबलची पुसलेली बोटं बघितली. मार्चपासूनचा हिशोब त्यालाही जमला असावा. हा चेहरा बघायला मिळावा म्हणून डेमियन कितीतरी संध्याकाळी झुरला होता. आता तो समोर होता, आणि त्याने तो मनापासून उपभोगला. साधारण दहा सेकंद. अकराव्या सेकंदाला त्याने टेबलाजवळची खुर्ची नेव्हकडे सरकवली.

"बस रे. कॉफी घे."

नेव्ह बसला. "मग खाते तरी काय ती?" त्याने टोपी काढून विचारलं.

"टोस्ट," डॉट म्हणाली. "बापाच्या ताटातला. दुसरं काही नाही."

नेव्हने मुलीकडे आणि तिच्या बापाकडे एकदा बघितलं. ती नजर डेमियनने ओळखली. रोज सकाळी दाढी करताना ती त्याला आरशात दिसायची.

पुढच्या शनिवारी कुंपणापलीकडून कांद्याचा वास आला नाही. डेमियन बार्बेक्यूवर झाकण टाकत होता, सिलिंडर आता ठणठणीत कोरडा होता. तेवढ्यात फळ्यांवर टोपी आली. बराच वेळ हवापाणी झालं. डफीचं वजन पाऊण किलो उतरलं म्हणे. थायरॉइड नव्हताच.

"बाकी, दोस्ता," नेव्ह कुंपणावरचं शेवाळ नखाने खरवडत म्हणाला, "सहज विचारतो हं. तो तुमचा टोस्टर कुठल्या कंपनीचा?"

डेमियनने झाकणाची दोरी सावकाश बांधली. घाई करण्यासारखं काहीच नव्हतं.

"काही विशेष नाही," तो म्हणाला. "साधाच आहे रे. जुना आहे. दोनच फटींचा."